वर्ष-दीड वर्षाच्या मुलासाठी बसायची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या दुकानात सायकली आणि लहान मुलांच्या गाड्या विकायला असतात, मोडलेल्या गाड्या दुरुस्तीलाही येतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, जिकडून फोन येईल तिकडून प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. कुठल्याच कंपनीची शिफारस इथे नाही. एक सांगणं मात्र परत परत येईल: गाडी उलटी करून बघा. खोक्यावरचा फोटो समोरून काढलेला असतो आणि गाडी मोडते खालून.

आमचं बाळ अकरा महिन्यांचं आहे, धरून उभं राहतं. आत्ताच गाडी घेतली तर चालेल का?

थोडं थांबा. मूल आधाराशिवाय चालायला लागलं, खाली बसून आपलं आपण उठायला लागलं, की मग गाडी. बहुतेक मुलं वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान तिथे पोचतात. पायाने ढकलायच्या गाडीवर त्याला तोल सांभाळायचा असतो, पाय मारायचे असतात आणि स्टिअरिंगही धरायचं असतं. नुसतं धरून उभं राहणारं बाळ एवढं सगळं एकदम करायला गेलं की मागे कलंडतं.

पहिल्या वाढदिवसालाच द्यायची असेल आणि आजी-आजोबा ऐकत नसतील, तर मागे मोठ्यांनी धरायचा दांडा आणि कमरेभोवती कडं असलेली गाडी घ्या. दांडा आणि कडं पुढे काढून टाकता आलं पाहिजे. तसं झालं तरच तीच गाडी तीन वर्षांपर्यंत कामाला येते.

पांगुळगाडा, वॉकर आणि ही गाडी, सगळं एकच ना?

नाही हो. पांगुळगाड्यात मूल मागे उभं राहून गाडा ढकलतं, वजन त्याच्या स्वतःच्या पायावर असतं. सुताराने केलेला जड, बसका पांगुळगाडा आजही चांगलाच. गोल चौकटीत मूल अडकवायचं ते चाकांचं वॉकर मात्र घेऊ नका. त्यात बाळ चवड्यांवर लोंबकळतं, आईचं लक्ष जायच्या आत जिन्यापाशी किंवा चुलीपाशी पोचतं, आणि चालायला शिकायला त्याची मदतही होत नाही. कॅनडाने अशा वॉकरच्या विक्रीवर २००४ मध्येच बंदी घातली. आमच्या दुकानात आम्ही ते ठेवत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तर गेलं.

प्रकार किती? आम्हाला सगळ्या सारख्याच दिसतात.

लहानग्यांसाठी खरा उपयोगाचा प्रकार एकच: दोन्हीकडे पाय सोडून बसायचं आणि जमिनीला रेटा देत पुढे जायचं. त्यात पॅडल नाही, बॅटरी नाही.

दुसरी ती स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवलं की सरपटत जाणारी, जिला इथे कुणी मॅजिक कार म्हणतं तर कुणी स्विंग कार. ती चालते जमिनीशी होणाऱ्या घर्षणावर, त्यामुळे गुळगुळीत सपाट फरशी नसेल तर जागची हलत नाही. शिवाय ते हलवण्याचं तंत्र दोन वर्षांखालच्या मुलाला सहसा जमत नाही. मग थोरला दादाच ती पळवतो आणि धाकटं रडतं. पॅडलची गाडी अडीच-तीन वर्षांनंतर. बॅटरीच्या गाडीबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त वाद तिच्यावरून होतात.

‘लई गट्टी आहे, काय होत नाही’ असं प्रत्येक दुकानदार म्हणतो. गाडी गट्टी, म्हणजे मजबूत, आहे हे आपण ओळखायचं कसं?

गाडी उलटी करा. दुकानदार कुरकुरला तरी करा.

आधी चाकं कशावर बसवली आहेत ते बघा. दोन चाकांमधून आरपार लोखंडी कांब गेलेली असेल तर उत्तम. ती पेन्सिलीएवढी तरी जाड हवी. स्वस्त गाड्यांत प्रत्येक चाक प्लॅस्टिकच्या छोट्या खुंटीवर अडकवलेलं असतं. अशी खुंटी बुडापासून तुटते आणि परत जोडता येत नाही, कारण या गाड्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्या प्लॅस्टिकला साधा गोंद, अगदी फेव्हिक्विकसुद्धा, धरत नाही. आमच्याकडे येणाऱ्या मोडक्या गाड्यांत सगळ्यात जास्त याच असतात. कांबीच्या टोकाला दाबून बसवलेली टोपी असते, ती बोटांनी ओढून बघा. तुमच्या बोटांनी निघाली तर मूलही ती काढणार आणि तोंडात घालणार.

मग सीटच्या खालची बाजू. तिथे उभ्या-आडव्या फासळ्या दिसल्या पाहिजेत. नुसता पोकळ पातळ पत्रा असेल तर गाडी जमिनीवर ठेवून सीटच्या मधोमध तळहाताने जोरात दाबा. खचली आणि चाकं बाहेर फाकली तर ठेवून द्या परत.

तिसरी गोष्ट स्टिअरिंग. ते गोल गोल फिरत राहता कामा नये, ठरावीक अंशात वळून अडलं पाहिजे. पुढची चाकं पूर्ण आडवी होतात त्या गाडीवर मूल वळणावर तोंडघशी पडतं. स्टिअरिंगचा दांडा पुढच्या कांबीला स्क्रू-नटने जोडलेला आहे की नुसता खटक्यात बसवला आहे, तेही बघून घ्या. स्क्रू असेल तर उद्या दुरुस्त तरी होईल.

आता सरळ करून ठेवा आणि सीटच्या मागच्या टोकावर दाब द्या. पुढची चाकं उचलली गेली तर सीट मागच्या चाकांच्या पलीकडे गेली आहे असं समजा. लहान मुलं बसताना धपकन मागेच बसतात. चांगल्या गाडीत मागे एक छोटं जादा चाक किंवा टेकू असतो. बाजूनेही ढकलून बघा: बसकी आणि रुंद गाडी सहज कलत नाही, उंच आणि अरुंद कलते.

शेवटी खिशातला सुती रुमाल काढा आणि सीटच्या कडेवरून, हँडलच्या जोडावरून, चाकांच्या खाचेवरून फिरवा. साच्याच्या जोडाला राहिलेली धार असेल तिथे धागा अडकतो. जिथे धागा अडकतो तिथे मांडीही सोलवटते. उग्र वास येणारं प्लॅस्टिकही नको. आणि गाडी हाताला जड लागली म्हणून मजबूत समजू नका, कारण चुनखडीची भर घातलेलं प्लॅस्टिक जड असतं पण ठिसूळ निघतं.

सीट किती उंच हवी? वयावरून घ्यावी का?

वयावरून नको, पायावरून घ्या. मुलाला अनवाणी भिंतीला उभं करा, दोन पायांच्या फटीपासून टाचेपर्यंत मोजा आणि त्यातून दोन-तीन सेंटिमीटर वजा करा. तेवढीच सीटची उंची. बसल्यावर गुडघे किंचित वाकलेले आणि पूर्ण तळवे जमिनीला टेकलेले हवेत. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून उंच गाडी घेतली तर मूल वर्षभर चवड्यांवर तोलत बसेल किंवा गाडीकडे बघणारच नाही.

आमच्या जुन्या घरात सोपा, माजघर सगळीकडे उंबरठे आहेत. पुढे सारवलेलं अंगण. चाकं कुठली घ्यावी?

घर बघून चाक घ्यायचं, हे फार कमी लोक करतात. व्हिट्रीफाइड टाइल्सच्या फ्लॅटमध्ये पोकळ कडक प्लॅस्टिकची चाकं घसरतात आणि खडखडाट करतात. टिळकवाडीच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावरून तक्रार आल्याशिवाय राहत नाही. तिथे रबरासारखी मऊ पट्टी चढवलेली किंवा पीयूची (पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकची) चाकं घ्या. शहाबादी फरशीवर कुठलंही चालतं, फक्त सांधे खोल असतील तर फार बारीक चाक अडतं.

अंगणात आणि खानापूरकडच्या लाल मातीत मोठ्या व्यासाचं, रुंद चाकच हवं. वितीच्या जवळपास व्यास असेल तर उत्तम. मॅजिक कार तिथे आणूच नका. उंबरठा मात्र यातली कुठलीच गाडी ओलांडत नाही. मूल उतरतं, गाडी उचलतं, पलीकडे ठेवतं, पुन्हा बसतं. यातच त्याचा व्यायाम होतो, त्यामुळे गाडी हलकी आणि पाठीमागे धरायला खोबण असलेली बघा. उंबरठ्याला फळीचा उतार करून देऊ नका. उतारावर या गाडीला ब्रेक नसतो.

खोक्यावर ‘क्षमता २५ किलो’ आहे. पुरेशी आहे का?

तुमच्या मुलाला भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्याचं मध्यम वजन १२.२ किलो आणि मुलीचं ११.५ किलो आहे. तीन वर्षांना १४ किलोच्या आसपास. गाडी मोडतो तो शेजारचा सात वर्षांचा, नाहीतर हौसेने बसून फोटो काढणारा मामा. घरात थोरली भावंडं असतील तर क्षमतेचा आकडा त्यांच्यासाठी बघा.

आयएसआय खूण खरंच लागते का? की नुसता शिक्का?

लागते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांची खेळणी आयएसआय खुणेशिवाय विकता येत नाहीत. बिनविजेच्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागू आहे. त्यात धारदार कडा, सुटणारे बारीक भाग, रंगातले शिसे-कॅडमियमसारखे घटक तपासतात. बसायची गाडी १० अंशांच्या उतारावर ठेवून ती कलंडते का, तेही बघतात.

खूण नुसती छापलेली असून भागत नाही. तिच्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोचं बीआयएस केअर हे सरकारी ॲप घ्या, तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. क्रमांक दाखवायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर पुढचं दुकान बघा. गणपत गल्लीत आणि खडे बाजारात दुकानांना काय तोटा आहे?

सौंदत्तीच्या किंवा चिंचलीच्या जत्रेत स्वस्तात मिळते ती घ्यावी का?

जत्रेत भिरभिरं घ्या, पिपाणी घ्या. ज्याच्यावर मूल बसणार ती वस्तू घेऊ नका. तिच्यावर खूण नसते, बिल नसतं, आणि चाक निखळेपर्यंत तो पाल उठून दुसऱ्या जत्रेला गेलेला असतो.

मग सुताराकडून लाकडी करून घेतली तर?

चांगला सुतार असेल तर याहून टिकाऊ काही नाही. आपल्या भागाला लाकडाच्या खेळण्यांची परंपराही आहे. गोकाकची लाकडी फळं-भाज्या घरोघर असायच्या, घाट उतरला की सावंतवाडी, आणि कर्नाटकात चन्नपट्टणची लाखेची खेळणी तर भौगोलिक मानांकन मिळालेली. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकनाच्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. म्हणून त्यांच्यावर खूण नसली तर बिचकू नका, पण मग तपासायचं काम तुमचं.

सुताराला चार गोष्टी सांगा. लाकूड सागवान किंवा फणसाचं, नीट वाळलेलं. ओल्या लाकडाची गाडी उन्हाळ्यात तडकते. सगळे कोपरे गोल आणि पॉलिश पेपरने घासलेले. जोड स्क्रूचे, खिळ्यांचे नव्हेत, आणि स्क्रूची डोकी आत बुडवलेली. रंगाबाबत मात्र हट्ट धरा: खिडक्या-दारांचा उरलेला जुना डबा वापरू देऊ नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. माळ्यावर पडलेला त्याआधीचा ऑइल पेंट कसा असेल याचा भरवसा नाही, आणि मूल हँडल चाटणार हे नक्की. लाखेचा रंग किंवा नुसतं जवसाचं साधं तेल पुरे. रंगाच्या दुकानात उकळलेलं म्हणून मिळतं ते नको, त्यात वाळवण्याची रसायनं असतात.

बॅटरीची गाडी? सगळ्यांकडे आहे, मुलगा हट्ट करतो.

दीड वर्षाचा मुलगा हट्ट करत नाही, त्याचे बाबा करतात. तीन वर्षांच्या आधी माझ्या मते पैसे वाया. पायाने चालवायच्या गाडीत मुलाचे पाय, पाठ, तोल सगळं कामाला लागतं. बॅटरीच्या गाडीत त्याने फक्त बटण दाबायचं.

तरी घेणार असाल तर सहा व्होल्टची घ्या, ती साधारण माणसाच्या चालीनेच जाते. लहान मुलासाठी मोठ्यांच्या हातात रिमोट हवा, आणि रिमोट मुलाच्या पॅडलवर मात करतो का हे दुकानातच चालवून बघा. पट्टा कमरेला बसला पाहिजे. आतली बॅटरी बहुधा शिसे-आम्लाची असते. तिचा शत्रू म्हणजे विसरून जाणं: रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडली की ती कायमची मरते. वापरत नसाल तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. चार्जिंग पुस्तिकेत दिलेल्या तासांपेक्षा जास्त नको, आणि चालू असताना मूल गाडीत नको. एक सोय आहे: १२ व्होल्टच्या गाड्यांत पुष्कळदा संगणकाच्या यूपीएसमध्ये असते त्याच मापाची बॅटरी असते, ती कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळते.

गाणी वाजणारं स्टिअरिंग असलेली घ्यावी का?

गाणी नसलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. असलीच तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, नखाने उघडणारं नको. त्यात बटणाएवढे चकचकीत सेल असतील तर दुप्पट लक्ष द्या. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट मोठ्या दवाखान्यात जा. झाकणाचा स्क्रू हरवलेली गाडी दुरुस्तीला आली की सेल काढूनच आम्ही ती परत देतो.

बेळगावात घ्यावी, कोल्हापूरहून आणावी की ऑनलाइन?

जीएसटी देशभर एकच, तेव्हा सीमा ओलांडून कर वाचत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिनइलेक्ट्रॉनिक गाड्यांवर तो १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर १८ टक्के आहे. जुन्या छापील किमतीवर अडून बसणाऱ्याला हे ऐकवा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, त्यांनी तिकडे जावं. बाकीच्यांनी जिथे चाक बदलून मिळेल तिथे घ्यावी. ऑनलाइनमध्ये गाडी उलटी करून बघता येत नाही, हाच मोठा तोटा. तिथे घेणारच असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत खोकं उघडून वर सांगितलेली सगळी तपासणी घरी करा, वाढदिवसापर्यंत बांधून ठेवू नका.

नात्यातल्या कुणाची जुनी गाडी मिळतेय. वापरावी का?

जरूर. उन्हात गच्चीवर पडलेली नसेल तर. ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक फिकट होतं, हाताला खडूसारखी भुकटी लागते. ते कधीही तडकतं. २०२१ च्या आधीची असेल तर खूण नसणं स्वाभाविक आहे. चाकांच्या टोप्या, झाकणं, स्क्रू मोजून बघा.

अंगणात, गल्लीत खेळायला सोडावं का?

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत दारातून दोन-तीन पायऱ्या उतरल्या की थेट रस्ता. मूल गाडीवर बसलं की त्याची उंची स्कूटरच्या चाकापेक्षा फार वर नसते, आणि मागे घेणाऱ्या कारच्या चालकाला ते आरशात दिसतच नाही. म्हणून गल्लीत नाही, पार्किंगमध्येही नाही. दाराला अडसर, ओट्याला कठडा, परड्यातल्या हौदावर झाकण, हे आधी करा आणि मग गाडी आणा. पायात मोजे नकोत, घसरतात. घरात अनवाणी, बाहेर बंद बूट.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कणकुंबी-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली, कांब गंजते आणि चाक कुरकुरतं. गाडी आत घ्या, पुसा, कांबीला दोन थेंब मशीनचं तेल. चाकाच्या खाचेत अडकलेला चिखल काडीने काढा. सीटखालच्या कप्प्यात पाणी साठतं, तोही उपडा करून वाळवा.

चाक मोडलं. नवी घ्यावी का?

कांबीची गाडी असेल तर मुळीच नको. चाक आणि टोपी मिळते. कांब वाकली असेल तर उद्यमबागेत लेथ चालवणारा कुणीही ओळखीचा गाठा. जिथे ट्रकचे भाग घडतात तिथे तेवढी कांब म्हणजे चहा होईपर्यंतचं काम. खुंटीची गाडी असेल तर तिचं स्टिअरिंग भिंतीला लावून द्या, मूल त्याच्याशी खेळेल.

गाडीवर नंबर टाकून द्याल का?

देतो की. पण स्टिकर लावत नाही, लहान मुलं ते नखाने सोलून चघळतात. आमच्याकडे त्या जागी खोलगट अक्षरं कोरून देतो. शहरातल्यांना केए २२, चिकोडी-निपाणीकडच्यांना केए २३. पुढचे आकडे घरात ठरवून या, दुकानात उभं राहून भांडू नका.